जॅझमधला आफ्रिका नेमका कुठला?

युनेस्कोने २०११ साली ३० एप्रिल हा आंतरराष्ट्रीय जॅझ दिन ठरवला. त्या दिवशीच्या कार्यक्रमांच्या निवेदनात एक वाक्य हमखास येतं: जॅझला ताल दिला आफ्रिकेने आणि हार्मनी, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांची जुळणी, दिली युरोपने. संगीत-रसग्रहणाच्या वर्गांत, माहितीपत्रकांत, आपल्याकडच्या रविवारच्या पुरवण्यांत हेच वाक्य थोड्याफार फरकाने फिरत असतं. ते सोयीचं आहे. दोन्ही खंडांना वाटा मिळतो, कुणाचं मन दुखत नाही आणि निवेदक पुढच्या गाण्याकडे वळतो. पण हे वाक्य दोन्ही बाजूंनी चुकीचं आहे आणि ते शिकवणं थांबवायला हवं.

ते निरुपद्रवीही नाही. या वाटणीत अंग आफ्रिकेचं आणि डोकं युरोपचं, असा जुना वसाहती हिशेब गुपचूप पुढे सरकवलेला असतो. घानाचे संगीतशास्त्रज्ञ कोफी अगावू यांनी १९९० च्या दशकातच दाखवून दिलं, की ‘आफ्रिकी ताल’ नावाची एकसंध वस्तू बरीचशी लेखकांनी लिहून लिहून घडवलेली आहे. ज्या खंडात दीड-दोन हजार भाषा बोलल्या जातात, त्याचा ‘एक ताल’ असणार तरी कसा? ‘आशियाई ताल’ असा शब्द कुणी वापरला, तर आपण त्याला आधी विचारू, की बाबा रे, त्रितालाबद्दल बोलतोयस की इंडोनेशियाच्या गामेलान वाद्यवृंदाबद्दल?

सुरुवात ढोलापासूनच करावी लागेल, कारण सगळा घोटाळा तिथे आहे. जॅझ म्हटलं की ड्रमसेट आठवतो आणि ड्रमसेट म्हटलं की आफ्रिका. प्रत्यक्षात जिथे जॅझ घडलं त्या अमेरिकेतल्या, लुईझियानातल्या न्यू ऑर्लिन्स शहराचा १९१०-२० च्या सुमाराचा ड्रमसेट सुटा करून पाहावा. बास ड्रम आणि स्नेअर (खालच्या तारांमुळे खरखरणारा छोटा ढोल) आले युरोपीय लष्करी बँडमधून. झांजांची परंपरा तुर्की. त्या घडवणारं झिल्जियान घराणं १६२३ पासून इस्तंबूलमध्ये या धंद्यात होतं आणि १९२९ मध्ये त्यांचा कारखाना अमेरिकेत सुरू झाला. टॉम-टॉम चिनी, त्यांचं चामडं खोडाला खिळ्यांनी ठोकलेलं असे, त्यामुळे ते आवळून स्वरात आणायची सोयच नव्हती आणि दमट हवेत आवाज बसत असे. टकटक वाजवायचा लाकडी ठोकळाही चिनी. हे सगळं एका माणसाच्या ताब्यात आलं ते पायाच्या पेडलमुळे. पेडलचे प्रयोग १८९० च्या दशकापासून चालू होते, पण नीट चालणारं आणि दुकानात मिळणारं पेडल लडविग बंधूंनी १९०९ मध्ये आणलं. त्याआधी बास ड्रमला एक आणि स्नेअरला एक असे बहुधा दोन वादक लागत. नाचघराच्या मालकाचा एक पगार वाचला आणि ड्रमसेट रूढ झाला. या यादीत आफ्रिकेतून आलेलं वाद्य एकही नाही.

याचं कारण इतिहासात आहे. ९ सप्टेंबर १७३९ रोजी साउथ कॅरोलिनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला. त्यात काँगो-अंगोलाकडचे लोक बरेच होते आणि ते ढोल वाजवत, माणसं गोळा करत पुढे सरकत होते. पुढच्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाने जो कायदा केला, त्यात गुलामांना ढोल, शिंगं आणि मोठ्या आवाजाची वाद्यं बाळगायला बंदी घातली. इंग्रजी वसाहतींच्या बऱ्याच भागांत पुढच्या काळात ढोल असेच दिसेनासे झाले. क्यूबा, हैती आणि ब्राझीलमध्ये मात्र देवकार्याच्या आडोशाने ते टिकले.

ढोल गेले, तरी ढोलांची कामं कुणीतरी करतच राहिलं. छाती, मांड्या आणि तळहातांवर थापा मारून नाचाला साथ करायची ‘पॅटिंग जुबा’ ही पद्धत रुळली. जॉर्जिया आणि साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर ‘रिंग शाउट’ टिकला. त्यात माणसं गोलात, घड्याळाच्या उलट दिशेने, पाय घासत फिरतात. पायावर पाय ओलांडायचा नाही, कारण तसं केलं तर तो नाच ठरतो आणि चर्चला नाच चालत नाही. एक जण ओळ उचलतो, बाजूचे लोक ती संपायच्या आत उत्तर देतात, एक जण झाडूच्या दांड्याने लाकडी जमिनीवर ठोके देतो आणि टाळ्यांची वाटणी ठोक्यांच्या आड जाते. पश्चिम आफ्रिकेतल्या ढोलांच्या ताफ्यात घंटा, साथीचे ढोल आणि मुख्य ढोल अशी कामं वाटलेली असतात. इथे घंटेचं काम दांड्याने केलं, साथीच्या ढोलाचं टाळ्यांनी आणि मुख्य ढोलाचं गाणाऱ्याने. ही कामाची वाटणीच समुद्र ओलांडून आली. जॅझमधल्या आफ्रिकेचा शोध घ्यायचा तो या वाटणीत, वाद्यांच्या यादीत नाही.

आता प्रश्न येतो, की कुठल्या आफ्रिकेतून आली. लुईझियाना फ्रेंचांकडे असताना, १७१९ ते १७४३ या काळात, तिथे सुमारे सहा हजार आफ्रिकी माणसं उतरवली गेली आणि त्यांतली जवळजवळ दोन-तृतीयांश सेनेगॅम्बियातली, म्हणजे आजच्या सेनेगल-गॅम्बियाच्या पट्ट्यातली होती. इतिहासकार ग्वेंडोलिन मिडलो हॉल यांनी जहाजांच्या नोंदींवरून हे मांडलं. या भागाचं संगीत ढोलांच्या ताफ्यापेक्षा तंतुवाद्यांचं, एकट्या गायकाच्या लांबवलेल्या, वळणावळणाच्या स्वरांचं. सहारा ओलांडून आलेल्या इस्लामी गायकीची छाप त्यावर आहे. संगीत-अभ्यासक गेरहार्ड कुबिक यांनी आयुष्यभर आफ्रिकाभर फिरून जो निष्कर्ष काढला, तो हाच: ब्लूजचे, म्हणजे जॅझच्या मुळाशी असलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकी गायकीचे, सगळ्यात जवळचे नातेवाईक या सवाना पट्ट्यात सापडतात, गिनीच्या किनाऱ्यावरच्या ढोलांच्या प्रदेशात नाही. पुढे स्पॅनिश राजवटीत काँगोकडचे लोक मोठ्या संख्येने आले. मग १८०९-१० मध्ये हैतीतल्या क्रांतीतून निसटून आधी क्यूबात थांबलेले नऊ हजारांवर लोक न्यू ऑर्लिन्सला धडकले. त्यांत गोरे, स्वतंत्र कृष्णवर्णीय आणि गुलाम असे तीन जवळपास सारखे गट होते. शहराची वस्ती एका दमात दुपटीच्या आसपास गेली. म्हणजे या एका शहरात निदान तीन आफ्रिका वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या वाटांनी उतरल्या आणि तिसरी तर कॅरिबियन बेटांत दोन-तीन पिढ्या काढून आली.

सेनेगॅम्बियाचा धागा हाताने चाचपून पाहायचा असेल तर बँजोची रचना पाहावी. जोला लोकांचं अकोंटिंग हे वाद्य घ्या: अर्धा भोपळा, त्यावर ताणलेलं बकऱ्याचं कातडं, त्यातून आरपार गेलेला बांबूचा दांडा, आणि तीन तारा. दोन लांब, एक आखूड. तर्जनीचं नख खाली मारून लांब तार छेडायची आणि हात वर येण्याआधी अंगठ्याने आखूड तार उचलायची. आखूड तारेचा स्वर बदलत नाही, तो सुरांच्या मधल्या फटींत पडत राहतो. अमेरिकेतल्या पाच तारांच्या बँजोवर अंगठ्याची आखूड तार आणि नख खाली मारायची पद्धत अगदी हीच आहे. पण १९१० च्या सुमाराला नाचाच्या बँडसाठी जो चार तारांचा टेनर बँजो निघाला, त्यातून आखूड तारच काढून टाकली गेली. मग नखाऐवजी हाती आली प्लेक्ट्रम, म्हणजे तार छेडायची पट्टी, आणि वाजू लागले चार ठोक्यांच्या आवर्तनाला चार सरळ कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजवलेले स्वर. जॅझ बँडमधलं सर्वांत आफ्रिकी म्हणून ज्याकडे बोट दाखवलं जातं, त्या वाद्याचा आफ्रिकी भाग जॅझमध्ये येण्याआधीच गळून पडला होता!

इथे काँगो स्क्वेअरबद्दल दोन शब्द. न्यू ऑर्लिन्सच्या १८१७ च्या हुकुमाने गुलामांना फक्त रविवारी, महापौराने ठरवलेल्या जागी जमायची मुभा होती. ती जागा हीच. वास्तुविशारद बेंजामिन लॅट्रोब यांनी फेब्रुवारी १८१९ मध्ये तिथे पाच-सहाशे माणसं पाहिली, ढोल पाहिले आणि भोपळ्याचं एक तंतुवाद्यही पाहिलं. वाद्याच्या दांड्यावर बसलेल्या माणसाची कोरीव आकृती होती आणि वाजवणारा खूप म्हातारा होता. लॅट्रोब यांनी चित्रंही काढून ठेवली. हा पुरावा मोलाचा आहे, पण त्यावरून ‘जॅझचा जन्म काँगो स्क्वेअरमध्ये झाला’ असं म्हणायचा मोह आवरायला हवा. हे मेळावे यादवी युद्धाच्या आधीच ओसरले आणि जॅझच्या अगदी सुरुवातीचा कॉर्नेटवादक बडी बोल्डन याचा बँड ऐकू येऊ लागला तो १९०० च्या आगेमागे. मध्ये चाळीस-पन्नास वर्षं आहेत. त्या काळात जे हाताहातांतून पुढे गेलं ते चर्चमध्ये, मिरवणुकीत, गोदीत, शेतातल्या हाळीत गेलं. तिथे पर्यटकांसाठी पाटी लावता येत नाही, हीच अडचण.

आता प्रत्यक्ष लयीकडे. इथे वाचकाने हातपाय वापरावेत, नाहीतर पुढचं सगळं शब्दांतच राहील. पायाने सावकाश चार सारखे ठोके धरा आणि प्रत्येक ठोक्याचे दोन भाग मनात मोजा. आठ भाग झाले. त्यांवर ‘एक दोन तीन, एक दोन तीन, एक दोन’ असं म्हणा आणि प्रत्येक ‘एक’वर टाळी द्या. पहिली टाळी पायावर पडेल. दुसरी दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये. तिसरी चौथ्या ठोक्यावर. क्यूबात या ३+३+२ च्या घाटाला त्रेसियो म्हणतात. चुकतं ते नेहमी दुसऱ्या टाळीपाशी: पाय टाळीच्या मागे ओढला जातो, किंवा माणूस तिन्ही टाळ्या सारख्या अंतरावर ताणतो आणि प्रत्येकीला तीनऐवजी दोन पूर्णांक दोन-तृतीयांश भाग देऊन बसतो. आपल्याकडे दादऱ्याची सवय पक्की असलेल्यांचं हे सहज होतं. गंमत अशी, की न्यू ऑर्लिन्सच्या मिरवणुकीतले जुने ड्रमर नेमके या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी वाजवतात आणि ते कागदावर लिहिता येत नाही.

न्यू ऑर्लिन्सचा पियानोवादक जेली रोल मॉर्टन याने १९३८ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी लोकसंगीताचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांच्यापुढे पियानोवर डाव्या हाताने हाच घाट वाजवून दाखवला आणि ही ‘स्पॅनिश छटा’ नसेल तर जॅझला चव येत नाही, असं सांगितलं. तो त्याला स्पॅनिश म्हणाला, कारण तो हवानाहून हाबानेरा या नाचाची चाल म्हणून आला. संगीतकार डब्ल्यू. सी. हँडीच्या १९१४ च्या ‘सेंट लुइस ब्लूज’मध्येही सोळा आवर्तनांचा एक भाग याच चालीचा आहे. आफ्रिकेतून क्यूबाला, क्यूबातून न्यू ऑर्लिन्सला आणि पाटी स्पेनची. मुळं दाखवताना पत्ता असा बदलत जातो, हे सांगितल्याशिवाय नुसतं ‘आफ्रिका’ म्हणणं अर्धवट आहे.

याहून अवघड नमुना घानाच्या आग्नेय भागातल्या एवे लोकांच्या घंटेचा. बारा भाग मोजा आणि १, ३, ५, ६, ८, १०, १२ यांवर टोला द्या. अंतरं झाली २, २, १, २, २, २, १. आता पायाने १, ४, ७, १० वर चार ठोके धरा. सातपैकी दोनच टोले पायावर पडतात, पहिल्या आणि दहाव्या भागावरचे. तेच पाय १, ३, ५, ७, ९, ११ असे सहा ठोक्यांवर टाकले, तर पहिले तीन टोले पायावर आणि उरलेले चारही पायाबाहेर. एकच ओळ अर्धी सरळ, अर्धी आड. दीडपटीची लय ज्याला माहीत आहे, त्याला गणित कळायला वेळ लागणार नाही. चूक होते ती ऐकण्यात. आपला कान समेची वाट पाहतो, सगळे तणाव तिथे सुटणार असं धरून चालतो. इथे घंटा काही सोडवत नाही. ती न बदलता चालू राहते, साथीचे ढोल आपापली छोटी ओळ धरून ठेवतात, आणि मुख्य ढोल या सगळ्यांशी बोलतो. जॅझमध्ये १९४० च्या सुमाराला ड्रमर केनी क्लार्कने ठेका बास ड्रमवरून काढून राइड या मोठ्या झांजेवर नेला आणि उरलेला संच बोलायला मोकळा केला, तेव्हा कामाची हीच वाटणी तुर्की झांज आणि युरोपीय पद्धतीच्या ढोलांवर बसली. क्लार्कने ती एवेंकडून घेतली, असं कुणी म्हणू नये. ती नाचघरात, चर्चमध्ये आधीपासून होतीच.

‘स्विंग’बद्दल, म्हणजे जॅझच्या झुलत्या लयीबद्दल, मात्र मी सावध आहे. पाठ्यपुस्तकं सांगतात, की ठोक्याचे तीन भाग करा, दोन लांब स्वराला, एक आखूड स्वराला. स्वीडनच्या संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत दिसलं, की मध्यम ते जलद लयीत ड्रमरचा आखूड स्वर साधारण १०० मिलिसेकंदांवर ठाम राहतो. मिनिटाला २०० ठोके असतील तर एक ठोका ३०० मिलिसेकंदांचा, म्हणजे प्रमाण २:१. लय ३०० वर गेली, की ठोका २०० चा, मग १:१, सरळ. संथ लयीत ते तिपटीच्याही वर जातं. पुस्तकातला नियम एका लयीपुरता खरा आहे. मालीतल्या जेंबे या हाताने वाजवायच्या ढोलाच्या वादनाची मोजमापं रायनर पोलाक यांनी केली, त्यात ठोक्याचे असमान पोटभाग हीच तिथली रीत असल्याचं दिसतं, त्यामुळे स्विंगचं मूळ मालीत दाखवायचा मोह होतो. पण असमान स्वर जुन्या फ्रेंच वादनातही होते आणि स्कॉटिश फिडलमध्येही. स्विंग अमेरिकेतच घडला, इतकंच नक्की म्हणता येतं.

तालापुढे गेलं, की ‘आफ्रिकेने ताल दिला’ या वाक्याची पंचाईत आणखी वाढते, कारण जॅझमधला सर्वांत ठळक आफ्रिकी गुण मला नादात ऐकू येतो. युरोपीय वाद्यवृंदात स्वच्छ, एकसारखा, खरखरीपासून मुक्त आवाज हा आदर्श. पश्चिम आफ्रिकेत बालाफोन या लाकडी पट्ट्यांच्या वाद्याच्या पट्ट्यांखाली भोपळे बांधतात, त्यांना मुद्दाम भोक पाडतात आणि त्यावर कोळ्याच्या अंड्यांच्या कोषाचा पातळ पडदा चिकटवतात. कशासाठी? प्रत्येक स्वराला गुणगुण लागावी म्हणून. झिंबाब्वेच्या म्बिरा या अंगठ्याने छेडायच्या धातूपट्ट्यांच्या वाद्याच्या भोपळ्याला शिंपले, आणि आता बाटलीची झाकणं, लावतात तीही त्याचसाठी. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा सरकवणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. नुसता गोल आवाज त्यालाही मुका वाटतो.

हाच ध्यास पितळी वाद्यांवर कसा उतरला, ते ड्यूक एलिंग्टनच्या बँडमधला ट्रम्पेटवादक बबर माइली आणि ट्रॉम्बोनवादक ट्रिकी सॅम नँटन यांच्याकडे पाहावं. १९२६ च्या ध्वनिमुद्रणांत ते लख्ख ऐकू येतं. पद्धत अशी: वाद्याच्या तोंडात आधी एक छोटा सरळ म्यूट, म्हणजे आवाज दाबायचं बूच, खोचायचा. मग नळदुरुस्तीवाल्यांचा रबरी प्लंजर घ्यायचा, दांडा काढून नुसती वाटी, आणि ती डाव्या हाताने तोंडावर उघडझाप करायची. उघडताना ‘वा’, झाकताना ‘ऊ’. वर घशातून गुरगुरायचं. आतल्या म्यूटमुळे स्वर चढतो आणि वाटी जवळ आणताना पुन्हा हलतो, त्यामुळे ओठांनी तो सतत उतरवत राहावा लागतो. नवशिका वाटी पूर्ण दाबून धरतो आणि आवाज गुदमरतो. खरी करामत अर्ध्या बोटाच्या फटीत आहे. नँटन ट्रॉम्बोनमध्ये ट्रम्पेटचा छोटा म्यूट घालत असे. या उपद्व्यापातून जे निघतं ते बोलणं असतं, स्वर आणि व्यंजनांसकट. वाद्याने बोलावं ही अपेक्षा पश्चिम आफ्रिकेत सर्वत्र आढळते. साधनं मात्र पितळेची आणि हार्डवेअरच्या दुकानातली.

स्वरांचंही तसंच. ब्लूजचा गंधार आपल्या कोमल आणि शुद्ध गंधारांच्या मध्ये फिरतो. सप्तकाचे १२०० सेंट धरले, तर पियानोवर कोमल ३०० सेंटवर आणि शुद्ध ४०० वर. गायक ३५० च्या आसपास कुठेतरी उभा असतो आणि तिथेही स्थिर नसतो. निषाद बऱ्याचदा निसर्गतः तारेतून निघणाऱ्या सातव्या स्वरांशाकडे, ९६९ सेंटकडे झुकतो. पियानोचा कोमल निषाद १००० वर. म्हणून पियानोवादक दोन गंधार एकमेकांवर घासून वाजवतात, खालचा निसटता आणि वरचा ठाम. पेटीवर श्रुती शोधणाऱ्यांची हीच तर रडकथा आहे. १४ जानेवारी १९२५ ला बेसी स्मिथने ‘सेंट लुइस ब्लूज’ ध्वनिमुद्रित केलं तेव्हा साथीला चक्क पेटीच्या जातीचं वाद्य होतं, भात्याचं हार्मोनियम, वाजवणारा फ्रेड लाँगशॉ. पेटी एका जागी खिळलेली, बेसी तिच्या पट्ट्यांच्या मधल्या जागेत गाते आणि तिची ओळ संपता संपता लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट उत्तर देतो. प्रत्येक ओळीला चार आवर्तनं. ओळ अडीच आवर्तनांत संपते, उरलेलं दीड उत्तराला. तीन मिनिटांत सगळा विषय आहे.

राहिली हार्मनी. ती युरोपची, हे निदान खरं ना? अर्धं. कॉर्डांची नावं, मार्च आणि क्वाड्रिल नाचाचे आराखडे, क्रिओल (न्यू ऑर्लिन्सच्या मिश्रवंशीय) वादकांचं वाचन आणि फुंकीची शिस्त हे युरोपीय आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण युरोपीय शास्त्रात सातव्या स्वरासहित येणारा डॉमिनंट (पाचव्या स्वरावरचा) कॉर्ड हा अस्थिर असतो, त्याने सुटलंच पाहिजे, म्हणजे पहिल्या कॉर्डावर येऊन विसावलंच पाहिजे. ब्लूजमध्ये पहिला, चौथा आणि पाचवा, तिन्ही कॉर्ड सातव्यासहित येतात आणि पहिला तर तसाच घरी येऊन बसतो. कुठलाही सुटत नाही. युरोपचं सामान, पण वापरायचा नियम निराळा. शिवाय आफ्रिकेत एकत्र स्वर गायची पद्धत नव्हती, हा समज कशावरून? घानाच्या अकान लोकांत समांतर तृतीयांत (सा-ग एवढ्या अंतराने) गातात, मध्य आफ्रिकेतल्या जंगलातल्या लोकांचं अनेकपदरी गायन जगभरचे संगीतकार अभ्यासतात.

आता उलट बाजू. ती भक्कम आहे आणि मांडणारेही थोर आहेत. ड्रमर आर्ट ब्लेकी आफ्रिकेत काही काळ राहून आल्याचं सांगत आणि तरीही ठणकावत, की अमेरिका नसती तर जॅझ नसतं, आफ्रिकेशी त्याचा काडीचा संबंध नाही. त्याच ब्लेकींनी १९६२ मध्ये नायजेरियाच्या सॉलोमन इलोरीसह ढोलांचा ताफा जमवून ध्वनिमुद्रण केलं, ते सोडा. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. ‘तुमच्या रक्तातच ताल आहे’ असं ऐकून घेत आयुष्य काढलेल्या, रोज तासन्‌तास रियाझ केलेल्या कलावंताला मुळांची भाषा ही कष्टांवर पाणी ओतणारी वाटली तर नवल नाही. समाजशास्त्रज्ञ फ्रँकलिन फ्रेझियर यांचंही म्हणणं असं होतं, की गुलामगिरीने आफ्रिकी संस्था मुळासकट उखडल्या आणि नंतर जे उभं राहिलं ते अमेरिकी परिस्थितीचं अपत्य. मानववंशशास्त्रज्ञ मेलव्हिल हर्स्कोविट्स यांनी १९४१ मध्ये याच्या विरुद्ध बाजू मांडली. माझ्या मते फ्रेझियर संस्थांबद्दल बरोबर होते, पण हातांच्या आणि कानांच्या सवयींबद्दल नाही. देऊळ मोडता येतं, राजा पकडता येतो. पण ओळ संपायच्या आत उत्तर द्यायची सवय कुठल्या कायद्याने जप्त करणार?

उलट टोकाला न्यू ऑर्लिन्सचा गोरा कॉर्नेटवादक निक लारोका. त्याच्या पाच गोऱ्या वादकांच्या ओरिजिनल डिक्सीलँड जॅझ बँडने २६ फेब्रुवारी १९१७ ला पहिली जॅझ तबकडी मुद्रित केली आणि पुढे तो आयुष्यभर सांगत राहिला, की जॅझ गोऱ्यांनीच निर्माण केलं. कृष्णवर्णीय कॉर्नेटवादक किंग ऑलिव्हरचा बँड ध्वनिमुद्रित झाला एप्रिल १९२३ मध्ये. ही सहा वर्षांची तफावत बाजारातल्या वर्णभेदाची आहे, संगीताच्या वयाची नाही. पण तबकड्यांवरूनच इतिहास लिहिणाऱ्याला लारोका खरा वाटू शकतो. म्हणूनच आफ्रिकी मुळं सांगायची तर पुराव्यानिशी, नाव-गावासह सांगावीत. मोघम गौरव पहिल्या उलटतपासणीतच कोसळतो.

आपल्याकडे हा प्रश्न परका नाही. १९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, पाठोपाठ शिकागोचा पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. त्यांच्याकडून शिकणारे होते मुख्यतः गोव्याचे वादक. चर्चशी जोडलेल्या शाळांमधल्या मेस्त्रींनी सोल्फेज (सा-रे-ग-म सारखं स्वरवाचन) आणि व्हायोलिन घटवून घेतलेली ही पोरं नोटेशन घडाघडा वाचत. कॉर्ड, आराखडे, वाचन त्यांच्याकडे आधीच होतं. शिकायचं राहिलं होतं ते नेमकं कागदावर नसलेलं: वाकवलेला गंधार, ठोक्याच्या मागे रेंगाळणं, गुरगुर. चिक चॉकलेट या नावाने गाजलेल्या अँटोनियो झेवियर वाझ यांचा ट्रम्पेट आर्मस्ट्राँगच्या वळणाचा, सी. रामचंद्रांच्या १९५१ च्या ‘अलबेला’तल्या गाण्यांत तो घराघरांत पोचला. युरोपचा वाटा आधीच पदरात असलेल्या या माणसांना जॅझ शिकताना जे वेगळं कमवावं लागलं, त्याची यादी केली तर आफ्रिकी वाटा काय, याचं उत्तर आपसूक मिळतं.

सिद्दींचं नाव या संदर्भात घेतलं जातं, तिथे मात्र थांबावं. जंजिऱ्याचा इतिहास, गुजरातच्या सिद्दींचं धमाल आणि भोपळा बांधलेलं धनुष्यासारखं मलुंगा वाद्य, हे सगळं आफ्रिकेशी जोडलेलं आहेच. पण ते पूर्व आफ्रिकेशी, हिंदी महासागराच्या वाटेने. जॅझची मुळं पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत, अटलांटिकच्या वाटेने. दोघांना एकत्र बांधून ‘आमच्या सिद्दींचं संगीत म्हणजे जॅझचा चुलतभाऊ’ म्हणणं ही ‘आफ्रिका म्हणजे एकच’ या चुकीची देशी आवृत्ती आहे. आणि रागसंगीतातही उत्स्फूर्तता आहे म्हणून जॅझशी नातं जोडणं त्याहून सैल. साम्य म्हणजे सोयरीक नव्हे.

वर्ग घेणाऱ्यांनी दीड तासात काय ऐकवावं? आधी अकोंटिंग, कुणा जोला वादकाचं, एकट्याचं. मग एवेंची घंटा, टाळ्या आणि पाय वापरून, निदान पंधरा मिनिटं. घाई केली तर सगळेच तिसऱ्या आवर्तनात सुटतात. मग जॉर्जियाच्या किनाऱ्यावरचा रिंग शाउट, आणि इथे मुद्दाम दाखवायचं, की ढोल कुठेच नाही. मग बेसी स्मिथ १९२५, एलिंग्टन १९२६. शेवटी ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीच्या बँडने क्यूबन ढोलवादक चानो पोसोसह १९४७ मध्ये मुद्रित केलेलं ‘मांटेका’. हे शेवटीच का, तर त्यात हाताने वाजवायचे आफ्रिकी वळणाचे ढोल जॅझ बँडमध्ये पहिल्यांदा इतके पुढे आले, आणि ते आले हवानाहून, दोनशे वर्षांच्या फेऱ्याने. निवेदकाकडे दोनच मिनिटं असतील, तर त्याने एवढंच म्हणावं: सेनेगॅम्बियाची गायकी, काँगोची आणि गिनीच्या किनाऱ्याची कामाची वाटणी, क्यूबातून आलेले घाट आणि युरोपची वाद्यं न्यू ऑर्लिन्सच्या काळ्या वस्त्यांमध्ये एकत्र आली, आणि वाद्यं कशी वाजवायची ते तिथल्या लोकांनी ठरवलं.